दोन सेकंद

बातमीपत्राला चार मिनिटं असताना
देवतळे साहेबांनी हिरव्या शाईनं
भांडेवाडीच्या बातमीतल्या तीन ओळी उडवल्या.
उरलं ते एवढंच:
कचऱ्याची आग आटोक्यात. एक महिला भाजली.

लाल दिवा लागला.
‘एक महिला’पाशी मी थांबले;
खोडलेलं हिरव्याखालून अजून वाचता येत होतं.
मग कळमन्यातला तुरीचा भाव,
कमाल तापमान सेहेचाळीस पूर्णांक दोन,
नमस्कार.

बाहेर सिव्हिल लाइन्सच्या कोपऱ्यावर
निनावेभाऊ पन्नीत खर्रा घोटत होते.
“म्याडम, मधात आवाज गेल्ता का जी?
मी तं रेडिओ ठोकून पाह्यला.”

नाही भाऊ, म्हटलं,
तिथं नाव होतं.

पन्नीवरचा हात थांबला.
“कोनाचं?”