गंधकाची गाठ

येरेव्हानमध्ये त्या हिवाळ्यात
वीज दिवसातून तासभर यायची,
कधी तेवढीही नाही.
संस्थेचा फ्रीज थांबला तेव्हा
आईचे स्फटिक गढूळ झाले,
चार वर्षं जपलेले, मिठाच्या खड्याएवढे.
नळीच्या तळाशी पांढरा गाळ राहिला.
ती म्हणाली, बरं.
आणि जिन्याखालच्या खोलीत आरसा टांगून
बायकांचे केस कुरळे करू लागली.

दाराबाहेर लिहिलं : आरुस्याक, केशरचना.
केर काढणं माझ्याकडे. मी दहा वर्षांची.
केस शेगडीत टाकायचे नाहीत हा नियम,
शेगडीत जळायचं ते शेजारच्या शाळेचं बाक.
केसांत गंधक आहे, ती म्हणायची,
वास दोन दिवस जात नाही.

मेणबत्तीशी बसून तिनं मला बटणं ओवायला दिली.
वीस जातींची. मागची दोन भोकं सगळ्यांना सारखी,
दोरा एकच; तोंडं मात्र वेगळी.
हे सगळ्यात लहान, याला तोंडच नाही म्हण,
कुठेही मावतं.
हे आखडू, याच्यापाशी माळ वाकडीच होते.
ही तेलकट तोंडाची, पाणी दिसलं की
आत सरकतात, पाठी बाहेर करून.
जशा आपण, मी म्हटलं, शेगडीभोवती.
ती हसली नाही. म्हणाली, हो, अगदी तसं.
आणि कोणी सांगावं लागत नाही.
माळ पाण्यात पडते, स्वतःची घडी स्वतः घालते,
घडीत एक खोबण होते,
त्या खोबणीत काम होतं.
काय काम?
जंतूची भिंत कापायचं. अंड्यात, पिल्लासाठी.
घडी विसकटली की मणी तेच, काम नाही.

सिरानुश आली, भूगोलाची मास्तरीण.
नवरा क्रास्नोदारला, विटांच्या कामावर;
वसंतात येतो म्हणालाय.
नुसतं पाणी लावून वळवू का, आईनं विचारलं,
स्वस्त पडेल, पण धुक्यात सुटेल.
नको, ती म्हणाली. टिकायला हवं.

मग ते घाण वासाचं औषध.
गंधकानं गंधकाचा धरलेला हात सुटतो,
केसाच्या आत, दोरखंडात दोरखंड पिळलेला असतो तिथे.
रिळांवर गुंडाळायचं, थांबायचं.
दुसऱ्या बाटलीतलं औषध घातलं की
हात पुन्हा धरले जातात,
शेजारी बदललेले असतात एवढंच.
तेवढ्यानं बाई आरशात
जरा निराळी दिसते.

मजुरी : दोन अंडी.
एक तव्यावर फोडलं. काचेसारखं होतं ते
कडेकडेनं दुधाळ होत गेलं.
आई बघत राहिली.
सगळं उलगडलं, आणि घाईत
हाताला येईल त्याला धरलं, ती म्हणाली.
आता परत नाही.
मग आम्ही ते खाल्लं, लवाशमध्ये गुंडाळून.
पोटात पुन्हा सुटी बटणं होतात म्हणे,
त्यातून आपलं आपल्याला शिवायचं.

मे महिन्यात सिरानुश परत आली.
टोकं अजून कुरळी,
मुळाशी तीन बोटं सरळ, करडे केस.
नवऱ्याचं तिनं काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
औषध खरं नव्हतं का? तिनं विचारलं.
खरं होतं, आई म्हणाली,
पण मुळाला हुकूम आतून येतो,
तो मला बदलता येत नाही.
आणि कात्री उचलली.

तेवढ्यात अंगणात पोरं ओरडली, दिवे आले, दिवे आले!
सगळ्या बायका धावल्या,
कोणी पाणी तापवायला, कोणी इस्त्रीला.
आई नाही.
ती हिशेबाची वही उघडून बसली.
डाव्या पानावर नावं, येणी, अंडी, मेण, अर्धा किलो पीठ.
उजव्या पानावर आठवेल तशी
तिची माळ, एकशे एकोणतीस अक्षरांची,
आणि पेन्सिलीनं जोडलेल्या चार गाठी.
एक गाठ खोडून पुन्हा काढली होती.
ती वही माझ्याकडे आहे.
कागद अजून हुंगला
तर त्या औषधाचा वास येतो.