जोस्नाला सांगितलेला पिक्चर

हजेरीत ज्योत्स्ना,
बाकी साऱ्या गावाच्या तोंडी जोस्ना.
तिला पिक्चरची बंदी होती.
मला नव्हती, कारण दारव्ह्याच्या टॉकीजात माझा मामा
बॅटरी मारायचा,
आणि बॅटरीवाल्याच्या भाचीला
दाराजवळचं लोखंडी स्टूल फुकट.

शनिवारी मी पाहायची, रविवारी तिला सांगायची.
पराटीच्या दोन ओळी, मधून आम्ही,
कमरेला ओटी.
तिची आधी भरायची,
माझे हात सांगण्यात गुंतलेले.
मुकादमीण लांबून ओरडायची,
तोंडानं वेचतं काय व?

त्या हिवाळ्यात लागला
शाळेतल्या तिघांचा पिक्चर.
दोन पोरी, एक पोरगा, डोंगरातलं गाव,
लोकरीच्या टोप्या,
आणि कुणीच कुणाला काही बोलत नाही.
मामा म्हणाला, पडते हा, फायटिंगच नाही.
मी तीनदा पाहिला.
थेटरात आम्ही अकराजण,
बाल्कनीतलं कबुतर धरून.

"पोराचं सांग नं," जोस्ना म्हणायची.
पोराचं सांगितलं. त्याची सायकल सांगितली,
कपाळावरचे केस मागं सारायची त्याची तऱ्हा.
ऐकताना ती बोंडातून कापूस असा काढायची
की काडीकचरा लागू नये.
मला कळत होतं, ते केस तिला
मोरेश्वरच्या कपाळावर दिसतायत,
जो पिठाच्या गिरणीवर बसायचा
आणि ज्याला तिच्या चिठ्ठ्या नेऊन द्यायची मीच,
डब्यातल्या ज्वारीत खुपसून.
एकही चिठ्ठी मी उघडली नाही.
हे खोटं आहे. एक उघडली होती.
तिच्यात माझंच वाक्य होतं,
पिक्चरातलं म्हणून मी तिला सांगितलेलं.

मग एका रविवारी
तिच्या बोटात बोंडाचं टोक गेलं.
थेंब कापसावर पडला. मुकादमीण पाहील म्हणून
तिनं तो पुंजका ओटीच्या तळाशी दाबला.
तेव्हा मी पिक्चरात नसलेलं सांगितलं.
सांगितलं की शेवटी, बस सुटायच्या आधी,
एक पोरगी दुसरीच्या दुखऱ्या बोटावर फुंकर घालते.
(पोरग्याला मी तिकिटं काढायला पाठवलं.)
आणि म्हणते,
तू गेलीस तर मी सांगू कोणाला?
एवढंच. गाणं नाही, बाजा नाही.

जोस्ना थांबली. हातातलं बोंड तसंच.
"मग?"
पाठीवर ऊन होतं.
जिनिंगचा भोंगा झाला.
मी म्हटलं, मग काय, दुसरी बसमध्ये बसते.
"अन् पोरगा?"

मोरेश्वर गिरणी विकून पुसदला गेला.
जोस्नाचं लग्न झालं तिसऱ्याच कुणाशी,
बारावीनंतर तीन वर्षांनी.
मांडवात तिचा पदर मी सावरत होते
तेव्हाचा फोटो आहे,
त्यात माझे फक्त हात आलेत.

परवा फोन आला उमरखेडवरून.
पोरीनं मोबाईलवर हुडकून काढला म्हणे तो पिक्चर.
"पुरा पाह्यला व. दोन खेपा.
बोटावर फुंकर मारते, तो सीन
नाहीच त्याच्यात."

कापला असन, मी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी. दुसरी.
मला मामाची बॅटरी आठवत होती,
उशिरा आलेल्यांच्या पायांपुढे
हलणारा तो पिवळा तुकडा.
तिसऱ्या शिट्टीला तिनं गॅस बंद केला असावा.

"तोच तेवढा माह्या ध्यानात होता," ती म्हणाली.
"पोरगा तर
पाहून बी ओळखू नाही आला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.