रकाना अकरा

"आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?"
पुढे दोन चौकोन, उंदराच्या डोळ्याएवढे.
मारुती गल्लीतला झेरॉक्सवाला म्हणाला,
'नाही'वर फुली मार आणि सुट की, भरमा,
सांबऱ्याच्या विमानतळावर बॅगा उचलायला
कोण बघूलालंय तुझी जुनी वही?

मी 'हो'वर मारली.
शूरपणानं नव्हे.
कंप्युटरात सगळं असतंय म्हणे,
एवढीच भीती.

तसा एकोणीस वर्षांचा मी
पुन्हा मुतग्याच्या फाट्यावर येऊन उभा राहिला,
तोंडाला रुमाल, खिशात तीन खडे,
घसा घोषणांनी सोललेला,
आणि नेसरगीहून येणारी बस.
काचेचा आवाज आधी येतो,
माणसाचा नंतर.
कंडक्टरच्या भुवईतून रक्त
तिकिटांच्या गठ्ठ्यावर पडलं.
तेवढं बघितलं आणि उसातनं पळालो.

पुढं आठ वर्षं तारखा.
मग एका दुपारी वकील म्हणाला, सुटलास, जा.

त्या निकालाची प्रत अर्जाला जोडायची होती.
बारा पानं. कानडीत.
ज्या अक्षरांवर आम्ही रात्री डांबर फासत फिरलो
त्याच अक्षरांनी मला सोडलं होतं
आणि मला ती वाचता येत नव्हती.

समोरच्या होसमनी मास्तरांकडे गेलो.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला,
ओळीखाली नख धरून मराठीत सांगत राहिले,
अडखळत, क्रियापदं चुकवत:
"तू केला नाही असं नाही लिहिलाय बघ.
केला म्हणून सांगणारा कोण आला नाही,
असं लिहिलाय."
मग पानं घडी करून विचारलं,
"मारलास काय खरं?"

गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती.
"मारलो," म्हटलं.
वकिलाला सांगितलं नव्हतं. आईला नाही.
लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तोंडावर आलं होतं,
तेव्हाही गिळलं.

मास्तर उठून आत गेले.
मला वाटलं, झालं.
बऱ्याच वेळानं आले ते दोन कप चहा घेऊन.
त्यातला एक माझा,
हे मला लगेच कळलं नाही.

मारिहाळ ठाण्याचा पोलीस आला गुरुवारी.
दोन शेजारी पाहिजेत म्हणाला.
डेअरीवाला बाळू पाऊण तास माझं कौतुक करत बसला,
पोलिसानं त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही.
मग मास्तरांना विचारलं.
मास्तर फाटकाला धरून उभे होते.
"हुडुगा छलो अदान्री."
एवढंच.
पोलिसानं मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून
ते खरडलं, शिक्का मारला, पाणी मागितलं.

मला कानडी येते ती बाजारापुरती.
तरी एवढं कळतं:
इद्दा म्हणजे होता.
अदान म्हणजे आहे.
मराठीत क्रियापदं चुकवणारा माणूस
कानडीत चुकणार नाही.
चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलंय त्यानं.

पास आला चार महिन्यांनी.
गळ्यात दोरी, दोरीला माझा चेहरा,
डोळे मिटता मिटता काढलेला.
गेटवरचा सिक्युरिटीवाला कुठल्या लांबच्या मुलखातला,
माझं कणबरकर आडनाव त्याच्या तोंडात
रोज नव्यानं मोडतं.
यंत्र फक्त पट्ट्याच्या बकलाला ओरडतं.

बॅगा उचलतो. चांगल्या उचलतो.
म्हातारा प्रवासी दिसला की
अजून आधी त्याची भुवई बघतो,
कंडक्टर कशाला येईल विमानानं,
हे माहीत असून.

पासवर खाली बारीक अक्षरात मुदत आहे.
ती संपली की परत अर्ज,
परत रकाना अकरा, परत मारिहाळचा पोलीस,
परत दोन शेजारी.

मास्तरांना यंदा एक्याऐंशी लागलं.