औषधालासुद्धा

झेन्सव्हिलमध्ये एक पूल आहे, तीन टोकांचा.
पत्ता सांगताना इथले लोक म्हणतात,
पुलाच्या मध्यापर्यंत जा आणि डावीकडे वळा.
नवा माणूस हसतो. मीही हसले होते,
अकरा वर्षांपूर्वी, फार्मसीत नोकरीला आले तेव्हा.

आता सकाळी आठला शटर वर ढकलते
आणि दिवसभर पडद्यावरचे आकडे वाचते.
सत्तर : हे औषध यादीत नाही.
पंच्याहत्तर : आधी परवानगी आणा.
एकोणऐंशी : फार लवकर आलात.
काचेपलीकडचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो,
पंचांग उघडून बसलेल्या भटजीकडे बघावं तसा,
आणि मी सांगते, मुहूर्त नाही.

डेल्बर्ट स्टर्जिल दर महिन्याच्या बावीसला येतो.
मातीची भांडी भाजायच्या कारखान्यात भट्टीवर होता.
भट्टी विझली, विमाही विझला.
कार्ड अजून पाकिटात आहे, बायकोच्या फोटोमागे.
"अर्धी बाटली देता येईल?"
मागच्या खेपेला इतक्या हळू विचारलं
की मला वाटलं, खोकल्याच्या गोळ्या मागतोय.
इन्सुलिनची बाटली अर्धी होत नाही, डेल्बर्ट.
"मी करतो ना," तो म्हणाला, "घरी. एक दिवस आड."

आमच्याकडे एखादी गोष्ट मुळीच नसली की म्हणतात,
औषधालासुद्धा नाही.
म्हणजे औषध ही सगळ्यात थोडकी लागणारी वस्तू.
चिमूटभर, सहाणेवर उगाळलेली, मधाच्या बोटावर,
शेजारून वाटीत मागून आणावी अशी.
हे मला डेल्बर्टला समजावता आलं नाही.
माझ्या पाठीमागे छतापर्यंत फळ्या आहेत.
सगळं आहे.

गुरुवारी हायस्कूलच्या जिममध्ये सभा होती.
बास्केटबॉलच्या रेषांवर घडीच्या खुर्च्या,
माइकसमोर रांग, माणशी दोन मिनिटं.
एक पोरगा कॅनडाबद्दल बोलला, तो तिथे कधी गेला नव्हता.
ओपल रेनिकबाईंनी नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीचं बिल वाचायला घेतलं,
घंटा वाजली तेव्हा त्या पहिल्याच पानावर होत्या,
कापसाच्या बोळ्यांपाशी.
मग डेल्बर्ट उभा राहिला. टोपी काढली.
"मला कुणाचं फुकट नको.
सरकारनं माझ्या रक्तात हात घालू नये."
अर्ध्या जिमनं टाळ्या वाजवल्या.
त्यानं न वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. त्यांत मी होते.

मला बोलता आलं असतं. नाव नोंदवलेलं होतं.
पण मुलाच्या दम्याचा पंप विम्यावर,
विमा नोकरीच्या दाव्याला, नोकरी व्हिसाच्या दाव्याला,
आणि दुकानाचा मॅनेजर तिसऱ्या रांगेत.
माझी दोन मिनिटं मी पार्किंगमध्ये
गाडीच्या किल्ल्या शोधण्यात घालवली.
त्या हातातच होत्या.

बावीस तारीख आली, डेल्बर्ट आला नाही.
तेवीस. चोवीस.
फार उशीर झाला, यासाठी कुठला आकडा आहे का
ते मी यादीत शोधलं. वरून खाली, दोनदा.

पंचवीसला शटर ओढलं आणि निघाले.
शेजारच्या सीटवर बर्फाची पिशवी, तिच्यात एक बाटली.
पैसे कुणी भरले ते इथे लिहीत नाही.
पुलाच्या मध्यावर सिग्नल लाल.
खाली दोन नद्या मिळतात, एक गढूळ,
दुसरी जरा कमी.
सरळ गेलं की माझं घर, पोळ्या व्हायच्यात.
डावीकडे त्याचं.
काय सांगायचं ते मी जुळवत होते.
म्हणेन, ही अर्धीच आहे, डेल्बर्ट.
तो उजेडात धरून बघेल, गळ्यापर्यंत भरलेली.
म्हणेल, तुला मोजता येत नाही वाटतं.
किंवा दार उघडणार नाही.

मागच्यानं हॉर्न दिला.
सिग्नल कधीचा हिरवा झाला होता.