सरकपट्टी

प्रोजेक्टर ओरुरोहून आला बटाट्याच्या पोत्यावर बसून,
भिंगावर धूळ, वायर हातभर तोकडी.
पडदा नाहीच. मागची भिंत मी चुन्याने रंगवली
आणि मंगळवारी, बॅटरीत पुरेसं ऊन साठल्यावर,
सहावीला म्हटलं, आज पुस्तकं मिटा.

धडा नकाशावाचनाचा. चाळीस मिनिटं.
उपग्रहाने वरून टिपलेला आपलाच मुलूख
आणि खाली एक सरकपट्टी,
तिच्यावर वर्षं.

आधी या वर्षाचं चित्र लावलं. सगळ्यांनी ओळखलं.
ही मिठाची खपली, हे शाळेचं छप्पर,
हा जीपचा रस्ता, तळ्याच्या ऐन पोटातून गेलेला.
तो ठिपका म्हणजे आमची लामा, मिल्टन म्हणाला.
नव्हती. मी काही बोलले नाही.

मग पट्टी डावीकडे.
दोन हजार सोळा. चौदा. दहा.
कडेकडेने निळं झिरपायला लागलं.

"प्रोफे, रंग बिघडला,"
विल्मा अगदी काळजीने म्हणाली,
"वायर जरा हलवून बघा."

काय सांगावं?
वरच्या खाणींनी, कालव्यांनी,
राजधानीतल्या सह्यांनी,
एकेका कोरड्या सालाने
या तळ्यावर पाणी सोडलं.
इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला
तेवढंच काय ते पाणी.

पण पोरांना खेळ सापडला होता.
भरलं! आटलं! भरलं!
ज्यांना पाणी ठाऊक टँकरच्या नळीइतकं जाड,
ती एका बोटाने पोओपो भरत होती, उपसत होती,
रांग लावून, ढकलाढकली करत.
मी घड्याळ पाहिलं नाही.

दाराशी दोन अब्दोन बसलेला, टोपी गुडघ्यावर.
फोन चार्ज करायला येतो तो, वस्तीत प्लग आमच्याच शाळेत.
तो उठला.
आधी त्याची सावली पाण्यात शिरली, मग तो.
निळं त्याच्या विजारीवर चढलं, जॅकेटवर चढलं,
हनुवटीशी आलं तेव्हा तो थांबला
आणि म्हणाला, "चुकलंय हे."

वर्गात चिडीचूप. उपग्रह चुकतो?

"हे कोरड्या महिन्यातलं आहे.
मार्चात पाणी इथवर यायचं."
विल्माने त्याच्या हातात निळा खडू दिला.
त्याने रेघ ओढायला घेतली
आणि चित्र संपलं तरी त्याची रेघ संपेना.
चौकटीबाहेर, खिडकीखालून,
पार नकाशांच्या कपाटाच्या दारावर.
ओढता ओढता बोलत होता, आमच्याकडे पाठ करून.
इथे पेहेरेय मासे, हिवाळ्यात.
इथे लव्हाळ्यात अंडी, पण सगळी उचलायची नाहीत.
इथे माझा भाऊ.
पुढचं काही बोलला नाही,
मिल्टनने विचारलं तरी.

तास संपता संपता विल्मा पुन्हा पट्टीपाशी.
"प्रोफे, उजवीकडे अजून जाते का ही?"
नाही गं, तिथेच संपते.
"ओढून बघू?"
तिने ओढलं. पट्टी थरथरली,
सोडल्यावर जागच्या जागी आली.
तिने आणखी दोनदा ओढून पाहिलं.

साहेब तपासणीला येतील तेव्हा विचारतील
की शासकीय कपाटावर हे काय गिरबटलंय.
पुसायला ओला फडका लागतो, म्हणेन,
आणि आमच्याकडे पाण्याची टंचाई.

संध्याकाळी दोन अब्दोनने फोन पुढे केला.
चार्जिंग पुरं झालं होतं.
"ते शहाऐंशीचं यात येईल?"
रेंजसाठी टेकडीवर चढावं लागलं, वाऱ्यात,
तो खाली उभा, टोपी धरून.

आता त्याच्या फोनवर पाणी आहे.
बटण दाबलं की उजळतं, काठोकाठ.
फक्त वेळेचे आकडे येतात बरोबर उत्तरेच्या काठावर,
त्याचं घर होतं तिथे.
अंगठ्याने सरकवून पाहतो रोज.
ते सरकत नाहीत.