काजळी

ताडपत्रावर सुरीनं कोरलेलं अक्षर
कोरताना दिसत नाही.
पानाच्याच रंगाची रेघ;
बोटाला लागते, डोळ्याला नाही.
मग रानअक्रोड जाळून धरलेली काजळी
तेलात कालवून पानभर चोळायची
आणि फडक्यानं पुसून घ्यायची.
वरची जाते.
खोलातली राहते.

हे काम माझं.
दिवसा मी खाली, समुद्राकाठच्या हॉटेलात
पाहुण्यांच्या चादरींचे डाग काढते.
बुधवारी रात्री इथं, अगुंगच्या पायथ्याशी,
डाग भरते.

आमच्या मंडळात दोघं शेजारी बसतात.
एकानं ओळ गायची जुन्या भाषेत
(त्या भाषेचं नावच कवी),
दुसऱ्यानं ती बाली बोलीत सोडवायची.
गातो लानुस. त्याचा डावा डोळा दुधाळ झालाय,
पान नाकाशी धरतो, जणू हुंगतोय.
अर्थ सांगतात मेन सुक्री.
मेन सुक्री म्हणजे सुक्रीची आई.
सुक्री सातव्या वर्षी तापानं गेली.
नाव आईला चिकटून राहिलं.

बाई कडक. दीर्घ आखूड केला की ओळ परत.
एका शब्दापाशी आम्ही तीन बुधवार अडलो:
सोडणं, की सोडवणं?
कॉफीची किटली तीनदा रिकामी झाली,
कुत्री कंटाळून निघून गेली,
मेन सुक्री हटल्या नाहीत.
मी एकदा विचारलं होतं,
कशासाठी एवढं? पुण्य लागतं का?
म्हणाल्या, आधी उकाराचं शेपूट नीट काढ.

मग रुपिनची बायको गेली.
दहनाला मुहूर्त मिळेना.
अकरा रात्री ती पूर्वेच्या ओसरीवर,
अकरा रात्री आम्ही तिच्यापाशी वाचायला.
नवव्या रात्री ओळ आली
रणात दिवा घेऊन
आपलं माणूस हुडकणाऱ्या बाईची.
लानुसनं ती लांबवली,
शेवटचा स्वर छपराला जाऊन टेकला.
मेन सुक्रींनी चष्मा पुसला.
परत पुसला.
रुपिन खांबाला पाठ लावून बसलेला,
दोन दिवसांचा उपाशी.

“याचा अर्थ असा,” त्या म्हणाल्या,
“की रुपिन, ऊठ. चार घास खा.”

ओळीत भात नव्हता.
तेवढी जुनी भाषा मलाही येते.
लानुसला तर सगळीच येते.
त्यानं मान डोलावली, हो, असाच,
आणि पुढची ओळ धरली.
कुणीतरी ताट वाढलं.
जेवताना त्याच्या घशाचा आवाज
आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता,
आणि आम्ही त्यावरून वाचत राहिलो.

मग दहन झालं, राख समुद्रात गेली.
मी त्या ओळीचं पान पुन्हा काढलं,
गवती चहाचं तेल लावलं, उजेडात धरलं,
पालथं करूनही पाहिलं.
भात कुठंच नाही.
पण पन्नास वर्षं दीर्घ-ऱ्हस्वावरून भांडल्याशिवाय
तो तिथून काढताही आला नसता,
असं मला वाटतं.
चूक असेल. मी चादरी धुणारी.

आज सरस्वतीचा दिवस.
आज आमच्याकडे वाचायचं नाही.
पोथ्या पांढऱ्या कापडावर मांडल्यात,
तांदूळ, फुलं, उदबत्ती, तीर्थ;
एकही अक्षर आज डोळ्यानं उचलायचं नाही.
उद्या पहाटे समुद्रावर न्हायचं, मग पुन्हा.
मेन सुक्री हात जोडून बसल्यात
आणि त्यांचे ओठ हलतायत.
मी दुसरीकडे बघते.

रुपिन आलाय, केळीच्या पानात काहीबाही बांधून.
पायरीवरच थांबलाय.
पुढच्या बुधवारी जागा असेल का, म्हणतो.

मेन सुक्री डोळे उघडत नाहीत.
“हिच्याकडून,” त्या म्हणतात,
“काजळी चोळायला शीक आधी.”

मी त्याला माझी नखं दाखवते.
हॉटेलच्या साबणानं सुद्धा
ही निघालेली नाही.