पत्ता सांगा

शिंगाडा तलावाच्या बंबखान्यात
एकतीस वर्षं मी फोन उचलला.
उचलला की एकच शब्द: फायर.
हॅलो नाही, नमस्कार नाही.
मग दुसरं वाक्य: पत्ता सांगा.

लोक पत्ता सोडून सगळं सांगायचे.
पेटलंय म्हणायचे, भडकलंय म्हणायचे,
एक बाई नुसतीच, "अहो पडदा, पडदा..."
सराफ बाजारातला एक जण
घाईतही शुद्ध बोलला:
"आमच्या येथे अग्निप्रलय झालेला आहे."
म्हटलं, गल्ली कुठली?

आमच्या लग्नाच्या बोलणीत
तांबट आळीतल्या तिच्या काकांनी विचारलं,
मुलगा काय करतो?
बंबावर असतो, असं कळल्यावर
म्हातारा खूष. म्हणाला, म्हणजे ठोक्याचा हात आहे.
त्यांच्या बंबात आग मधोमध, पाणी तिच्या भोवती.
आमच्या बंबात नुसतं पाणी,
आग बाहेर, कुठंही, गावभर.
गैरसमज फिटेपर्यंत साखरपुडा उरकला होता.

वारा दक्षिणेचा असला की
देवळालीकडून तोफांचा धप्प ऐकू यायचा.
तिथंही कुणीतरी माझाच शब्द बोलत असणार.
मी बोललो की पाणी सुटायचं,
तो बोलला की गोळा.
शब्दाला काय, त्याला दोन्ही पगार सारखेच.

परवा कॉलेज रोडला भाच्यानं
जळतं पान तोंडात घेतलं. फायर पान.
सगळे मोबाईल धरून उभे,
मी पाण्याचा ग्लास धरून.

आणि ती जानेवारीतली रात्र.
निफाडला पारा तीनवर.
हायवेवरून एका ट्रकवाल्याचा फोन:
"साहेब, पिंपळगावच्या पुढं बागा पेटल्यात,
रांगेनं, कुणी विझवत नाही, उलट बाया काटक्या टाकतायत!"
म्हटलं, लागलेली नाही, लावलेली आहे.
द्राक्षाच्या घडाला गारठा बाधतो.
तुम्ही गाडी चालवा.
तो जरा वेळ लाईनवर थांबला,
जणू मी सरकारी माणूस म्हणून
काहीतरी दडवतोय.

त्यानंतर अकरा सत्तेचाळीसला
पुन्हा वाजला.
"फायर."
पलीकडून आवाज ओळखीचा, पण पातळ.
"पप्पा, मला फायर केलं."
आणि मी, देवाशप्पथ,
तोंडातून तेच निघालं:
पत्ता सांगा.

बराच वेळ काही नाही.
मग विनीत शाळेत हजेरीला उभा राहावा तसा म्हणाला,
सातपूर, एमआयडीसी,
मेन गेटच्या बाहेर, बंद टपरीजवळ.
मी नोंदवहीत लिहिलं.
वेळ लिहिली. ठिकाण लिहिलं.
जीवितहानीच्या रकान्यात पेन थांबला,
कारणाच्या रकान्यातही.

ठुबेला फोनवर बसवलं, स्कूटर काढली.
(दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या ओळीवर
तांबड्या शाईनं लिहिलं: खोटी वर्दी.
खाली माझी सही मागितली.
मी केली नाही.)

टपरीमागं वॉचमन फळ्या जाळत बसला होता,
पॅकिंगच्या खोक्यांच्या, खिळ्यांसकट.
विनीत त्याच्या शेजारी,
गळ्यात अजून कंपनीचं कार्ड.
मी काही बोललो नाही.
काय बोलायचं, मला फक्त दोन वाक्यं येतात.
हात पुढं केले, तसे त्यानंही केले.
तिघांचे सहा तळवे,
एकाच जाळावर.

जाळ जरा बसायला लागला.
वॉचमननं आमच्याकडं बघितलं,
हातात फळी तशीच,
"टाकू का अजून?"

एकोणतीस वर्षं झाली होती तेव्हा नोकरीला.
कुणाला कधी म्हटलं नव्हतं.
म्हटलं, टाक.